मोटारसायकलीच्या विम्याचा दावा व ख्रिस्ती मनुष्याची साक्ष

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत पूर्वी बैल मेला म्हणजे घर बसत असे. हल्ली पुष्कळ घरांत तीच गत मोटारसायकलीची झाली आहे. दूध डेअरीत पोहोचविणारा, भाजीची गोणी पहाटे बाजारात नेणारा, दुसऱ्या गावी शिकवावयास जाणारा शिक्षक, वाड्यावस्त्यांवर उपासना चालविणारा उपदेशक, ह्या सर्वांचा निर्वाह त्या दोन चाकांवर आहे. ती मोडली म्हणजे प्रथम देवाचे उपकार मानितात की हातपाय शाबूत राहिले; दुसरे दिवशी ट्रंकेतून विम्याचा कागद काढितात; आणि तिसरे दिवशी वाद सुरू होतो. अमुक भागाचे पैसे मिळतील, तमुकाचे मिळणार नाहीत, अर्धे मिळतील, का अर्धे? अशा प्रसंगी ख्रिस्ती मनुष्याने आपल्या हक्काकरिता किती झगडावे व कोठे थांबावे, हा प्रश्न आमच्यापुढे इतक्यांदा आला आहे की त्याचा शास्त्राच्या उजेडात विचार करणे अगत्याचे वाटते. असला विषय ह्या पत्रात कशाला, असे कित्येकांस वाटेल. परंतु लेवीयाच्या पुस्तकात तराजू, वजने व मापे ह्यांस जागा मिळाली आहे. तेव्हा गॅरेजच्या अंदाजपत्रकास येथे थोडी जागा मिळावयास हरकत नसावी.

पहिल्याने कागदात काय असते ते पाहू. कारण अर्धे भांडण कागद न वाचल्यामुळे होते. कायद्याने जो विमा सक्तीचा आहे तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. आपल्या गाडीखाली कोणी सापडला तर त्याची भरपाई त्यातून होते. आपली स्वतःची गाडी मोडली तर त्यातून एक पैही मिळत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी विकत घेताना हा दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. ह्यामुळे पुष्कळांचा असा समज झाला आहे की आपल्या गाडीचा पाच वर्षांचा विमा आहे. बहुधा तसे नसते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग सामान्यतः एका वर्षाचा असतो व तो दर वर्षी पैसे भरून चालू ठेवावा लागतो. हा भेद आपल्या मंडळीतील प्रत्येक गाडीवाल्याने आजच घरी जाऊन पाहावा.

आता ज्याने स्वतःच्या गाडीचाही विमा घेतला आहे त्याची गोष्ट. त्यासही नव्या भागांची सगळी किंमत मिळते असे नाही. सर्वसाधारण विमापत्रात रबर, नायलॉन व प्लास्टिक ह्यांच्या भागांवर, तसेच टायर, ट्यूब व बॅटरी ह्यांवर निम्मा घसारा कापतात. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात. पहिल्या सहा महिन्यांत काही नाही, वर्षाच्या आत शेकडा ५, दुसऱ्या वर्षात १०, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५, आणि पुढे दहा वर्षांपर्यंत ४०. काचेच्या भागांवर घसारा नाही. जास्त हप्ता भरून हा घसारा न कापण्याची सोय घेता येते. ज्याने ती घेतली नाही त्याने कापल्याबद्दल कुरकुर करू नये. रोजच्या वापराने झालेली झीज आणि यंत्रात आपोआप झालेला बिघाड ह्यांची भरपाई मुळीच नसते. गाडीवर आपण मागाहून बसविलेली वस्तू कंपनीस कळवून तिचा हप्ता भरला नसेल तर तिचीही नसते.

हे सर्व कोरडे आहे खरे. परंतु ज्यांस विमापत्राची कलमे वाचून कंटाळा येतो त्यांनी निर्गमाचा बाविसावा अध्याय काढावा. शेजाऱ्याने राखावयास दिलेले गाढव, बैल किंवा मेंढरू ह्यांचे काही झाले तर कोणी किती भरावे, हे मोशेच्या नियमशास्त्रात कलमवार सांगितले आहे. चोरीस गेले तर एक नियम. कोणाच्या देखत नसता मेले, दुखावले किंवा हाकून नेले तर दुसरा, तेथे परमेश्वराची शपथ दोघांच्या मध्ये ठेवावी. रानपशूने फाडले तर तिसरा. उसने घेतलेल्याचे निराळे, भाड्याने घेतलेल्याचे निराळे. देवाने आपल्या लोकांस नुकसानीच्या बारकाव्यांत शिरावयास लाविले. ‘सर्व एकच, भरून टाका’ असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.

त्यातील फाडलेल्या जनावराचा नियम येथे आम्हांस विशेष उपयोगी आहे. राखणाऱ्याने ते फाडलेले जनावर पुरावा म्हणून आणून दाखवावे, मग त्यास भरपाई द्यावी लागत नाही. आमोस संदेष्टा तिसऱ्या अध्यायात बोलतो की, मेंढपाळ सिंहाच्या तोंडातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा ओढून काढतो. आम्ही लहानपणी हे वचन ऐकून विचार करीत असू की, मेंढरू तर मेले, मग कानाचा तुकडा कशाला? आमोस स्वतः मेंढपाळांतला होता, त्यास ते ठाऊक होते. तो तुकडा धन्यास दाखवावयाचा असे. ह्या तुकड्यावाचून मेंढपाळ विकून खाणारा ठरे. तुकडा दाखविला म्हणजे खरा ठरे. मात्र तो तुकडा त्याच मेंढराचा असला पाहिजे, आणि त्यावर दात सिंहाचेच असले पाहिजेत.

आमच्या मंडळीतील एका दूधवाल्या तरुणाचे प्रकरण सांगितल्याने विषय स्पष्ट होईल. गेल्या पावसाळ्यात घाटाच्या उतारावर चिखलात त्याची गाडी घसरून कठड्यावर आदळली. गाडी तिसऱ्या वर्षात होती. विमा चालू होता, परवाना होता, खबर त्याच दिवशी दिली होती. गॅरेजमध्ये मिस्त्रीने अंदाजपत्रक केले. त्यात पुढचा दिवा, मडगार्ड, इंडिकेटर वगैरे प्लास्टिकचे भाग ३,२०० रुपयांचे. पुढचा फोर्क ४,८०० रुपयांचा. दुधाचे कॅन अडकविण्याची लोखंडी चौकट २,६०० रुपयांची. आणि चेनसेट १,८०० रुपयांचा. सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले, आणि काही दिवसांनी कंपनीचे पत्र आले. प्लास्टिकच्या भागांचे निम्मे, म्हणजे १,६०० रुपये, मंजूर. चौकट नामंजूर, कारण ती कळविलेली नव्हती. चेनसेट व फोर्क नामंजूर, कारण ‘जुनी झीज’.

ह्या चार गोष्टींपैकी पहिलीत वाद नाही. दुसरीत दुःख आहे, पण वाद नाही. ती चौकट त्याच्या धंद्याचा कणा होय, आणि तिच्यावाचून गाडी त्यास निरुपयोगी. तथापि ती त्याने कळविली नव्हती व तिचा हप्ता भरला नव्हता. पंधराव्या स्तोत्रात देवाच्या डोंगरावर राहणाऱ्या मनुष्याचे वर्णन आहे. त्यात असे आहे की, त्याने शपथ वाहिली व त्यात त्याचे नुकसान झाले तरी तो फिरत नाही. विमापत्रावरची सही ही शपथ नव्हे, परंतु शब्द दिलेला आहे खास.

तिसरी गोष्ट चेनसेटाची. साखळी सैल झालेली होती, दाते झिजले होते. पडण्याच्या आधी दोन महिने तो ती बदलावी म्हणत होता. मिस्त्रीने ती अंदाजपत्रकात घातली, व घालताना जे बोलला ते आमच्या सर्व जिल्ह्यात बोलतात: “साहेब लोक कापणारच, म्हणून आधी वाढवून लिहायचे. सगळेच लिहितात.” तरुणाची आई आम्हांस म्हणाली, “पाळकसाहेब, कंपनीच्या घरी काय कमी आहे? आमच्याच घरी कमी आहे.” ह्या माउलीच्या बोलण्यात दुष्टपणा नाही, तिच्या घरी खरोखरच कमी आहे. म्हणून तिला उत्तर देताना वचन फेकून मारू नये, विचार दाखवावा.

कंपनीच्या पेटीतला पैसा येतो कोठून? ज्यांच्या गाड्या ह्या वर्षी पडल्या नाहीत त्यांच्या हप्त्यांतून. त्यात कंपनी आपला नफाही काढते हे आम्ही नाकारीत नाही. तरी पण मूळ कल्पना अशी की, पुष्कळांनी थोडे थोडे घालावे व ज्यावर आपत्ती येईल त्याने घ्यावे. गलतीकरांच्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल दोन गोष्टी जवळजवळ सांगतो: एकमेकांची ओझी वाहा, आणि प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा. वरवर पाहता हा विरोध दिसतो. परंतु मूळ ग्रीक भाषेत तेथे दोन निराळे शब्द आहेत. पहिला ‘बारोस’, म्हणजे चिरडून टाकणारे वजन. दुसरा ‘फोर्तिओन’, म्हणजे ज्याने त्याने न्यावयाचे आपले गाठोडे. घाटात गाडी कठड्यावर आदळली, हे पहिल्या जातीचे ओझे. ते शंभर जणांनी वाटून घ्यावे. साखळी वापराने झिजली, हे आपले गाठोडे. ते गुपचूप दुसऱ्यांच्या पाठीवर ठेवणे म्हणजे त्यात शेजारच्या गावातील एखाद्या विधवेच्या मुलाच्या हप्त्याचाही पैसा घेणे होय. त्या आईस आम्ही हेच सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली व मग म्हणाली, “मग साखळी काढा त्यातून.”

‘सगळेच वाढवून लिहितात’ ह्या म्हणण्यास मात्र आणखी थोडे उत्तर हवे, कारण त्यात एक अर्धसत्य आहे. कंपनीचा मनुष्य गृहीत धरितो की तुम्ही वाढविले, म्हणून तो कापतो. तुम्ही गृहीत धरिता की तो कापणार, म्हणून तुम्ही वाढविता. दोघेही एकमेकांस खोटे ठरवून मगच बोलू लागतात. लूकाच्या सोळाव्या अध्यायात जो अन्यायी कारभारी आहे त्याने कुळांकडून कागद फिरवून लिहविले, शंभर मण तेलाचे पन्नास, शंभर गव्हाचे ऐंशी. आमच्या गॅरेजांत तोच कारभारी उलट दिशेने लिहितो. धन्याने त्याची वाहवा केली एवढेच पुष्कळांच्या ध्यानात राहते. परंतु त्याच्याच पाठोपाठ प्रभू अगदी थोडक्याविषयी विश्वासू असण्याची गोष्ट काढितो, ते वाचावयाचे राहून जाते. ह्या चक्रातून कोणीतरी पहिल्याने बाहेर पडले पाहिजे. तोटा होईल, तो पहिल्याने बाहेर पडणाराचाच होईल. हे आम्ही लपवीत नाही.

आता चौथी गोष्ट, फोर्कची, आणि येथे आमचा बोलण्याचा रोख बदलतो. फोर्कच्या दोन्ही नळ्या वाकल्या होत्या. वापराने सील गळते, रबर झिजते. परंतु लोखंडी नळी वापराने वाकत नाही, ती आदळल्याने वाकते. तिसऱ्या वर्षातील गाडीचा शेकडा १५ घसारा कापून ४,०८० रुपये त्यास मिळावयास पाहिजेत असे त्याचे म्हणणे, व आमच्या मते ते रास्त होय. आमच्या एका वडिलांनी त्यास उपदेश केला की, सोडून दे, प्रभूने सांगितले आहे की अंगरखा मागणाऱ्यास झगाही दे. हे वडील मोठे भाविक आहेत, आणि त्यांचा आम्ही आदर करितो. तरी ह्या ठिकाणी आमचे मत निराळे आहे.

स्वतःचा हक्क सोडून देणे ख्रिस्ती मनुष्यास शोभते, हे खरे. परंतु तो हक्क एकट्याचा असला पाहिजे. ह्या तरुणाने फोर्क बसविण्याकरिता आपल्या आईच्या बचत गटातून कर्ज काढिले आहे. ते फेडावयाचे ते बायकोच्या व दोन लेकरांच्या तोंडचे काढून. दुसऱ्याच्या झग्यावर आपण उदार होऊ लागलो तर त्यास उदारता म्हणता येईल काय? आणखी असे की, गरीब मनुष्य निमूट बसला म्हणजे पुढच्या गरिबाच्या कागदावर तोच शेरा अधिक सहज पडतो.

शास्त्रही निमूट बसावयास सर्वत्र सांगत नाही. सलाफहादाच्या मुली मोशेपुढे उभ्या राहून आपल्या बापाच्या वतनाविषयी बोलल्या, आणि त्यांचे बोलणे यथार्थ आहे असा निर्णय परमेश्वराने दिला. फिलिप्पैत पौलास चौकशीवाचून फटके मारून कोंडिले व नंतर गुपचूप सोडून देऊ लागले, तेव्हा तो म्हणाला की, अधिकाऱ्यांनी स्वतः यावे. आणि सर्वांहून मोठे उदाहरण आपल्या प्रभूचे. ज्याने दुसरा गाल पुढे करावयास सांगितले त्यास प्रमुख याजकापुढे शिपायाने चपराक मारिली. तेव्हा त्याने उलट मारिले नाही. परंतु तो उगाही राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि बरे बोललो असेन तर मारतोस का, असे त्याने विचारिले. योहानाच्या अठराव्या अध्यायात हे आहे. त्याने कारण मागितले. विम्याच्या वादात ख्रिस्ती मनुष्याने करावयाचे ते नेमके हेच: शिव्या नाहीत, वशिला नाही, सर्व्हेअरच्या खिशात काही सरकविणे नाही, लेखी कारण मागावे. करिंथ येथील मंडळीस पौलाने फिर्यादीविषयी दोष लाविला तो भावाने भावास न्यायालयात ओढल्याबद्दल. तो निषेध येथे लागू करणे आम्हांस बरोबर वाटत नाही.

कंपनीकडेही नीतीचे देणे आहे हे येथे सांगितले पाहिजे, कारण आमचे लोक तिला सरकारासारखी समजून भितात. विम्याचा करार दोन्ही पक्षांच्या पूर्ण सचोटीवर उभा आहे, हे तत्त्व जुने आहे. सुमात्रा बेटावरील इंग्रजांच्या एका किल्ल्याचा विमा तेथील गव्हर्नराने उतरविला होता. १७६० साली फ्रेंचांनी तो किल्ला घेतला. तेव्हा विमा देणारा म्हणू लागला की, किल्ल्याचा अशक्तपणा आम्हांस सांगितला नाही, म्हणून आम्ही भरणार नाही. १७६६ साली इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड ह्यांच्यापुढे तो खटला चालून निकाल गव्हर्नराच्या बाजूने झाला, आणि सचोटीचे बंधन दोघांवरही आहे असे तेथे ठरले. समुद्री विम्याच्या आमच्या १९६३ च्या कायद्यातही ते तत्त्व नमूद आहे. लाबानाने याकोबाचे वेतन दहा वेळा बदलिले, आणि फाडलेल्या मेंढराचा तोटाही त्याच्याच माथी मारिला. लाबान नात्याचा होता, देवाचे नावही घेत असे. सर्व्हेअर कंपनी नेमते हे खरे. तरी त्याने दोघांविषयी निष्पक्षपाती असावे असाच नियम आहे, आणि एका शेऱ्याने एखाद्याचे दोन महिन्यांचे दूध जाते हे त्याने ध्यानात ठेविले पाहिजे. मंडळीतील कोणी ह्या धंद्यात असेल तर त्याने हे वाक्य आपणांकरिताच लिहिले आहे असे समजावे.

मार्ग असा आहे. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागावी. एका महिन्यात उत्तर न आले किंवा आलेले उत्तर पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. पुणे व मुंबई येथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही व वकिलाची गरज नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जावे. आणि काढलेले जुने भाग भंगारवाल्यास देऊ नयेत. मेंढराचा कान तोच.

त्या तरुणाचे पत्र लिहिताना एक अडचण आली ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. फोर्कचे एक सील पडण्याच्या आधीपासून गळत होते. नळीवर तेलाचा ओघळ होता, आणि बहुधा तोच पाहून सर्व्हेअरने ‘जुनी झीज’ लिहिले असावे. हे पत्रात लिहावे की नाही? न लिहिले तर कोणी विचारणार नव्हते. तो म्हणाला, “पाळकसाहेब, सील गळत होते असे आपणच लिहून दिले तर नळीचेही घालवतील. त्यांना तेवढेच पाहिजे आहे.” हे भय खोटे नव्हे. आम्ही त्यास एवढेच विचारिले की, मोशेच्या नियमाप्रमाणे परमेश्वराची शपथ दोघांच्या मध्ये ठेविली असती तर तू काय सांगितले असतेस? तो दुसरे दिवशी सकाळी डेअरीहून परस्पर आला व आमच्या ओट्यावर बसून त्याने स्वतःच्या हाताने लिहिले: चेनसेटाची मागणी मागे घेतली आहे, चौकटीविषयी तक्रार नाही, एक सील पूर्वीपासून गळत होते व त्याचे पैसे मागत नाही, दोन्ही नळ्या पडण्याने वाकल्या, त्या पाहावयास ठेविल्या आहेत, त्यांचे घसारा वजा जाता जे होईल ते द्यावे, आणि द्यावयाचे नसेल तर कोणत्या कलमाप्रमाणे ते लिहून कळवावे.

पत्राची पोच आली आहे. महिना पुरा होण्यास अद्यापि नऊ दिवस आहेत. वाकलेल्या दोन्ही नळ्या पोत्यात गुंडाळून त्याच्या पडवीत, वैरणीच्या पाठीमागे ठेविल्या आहेत, आणि लोकपालाकडे द्यावयाचा अर्जही त्याने लिहून ठेविला आहे.